प्रश्न वाचकांचे : उपकेंद्राची जागा आणि नकाशा

प्रश्न : आमच्या तालुक्यात नव्या आरोग्य उपकेंद्राची जागा संगणकावरील नकाशाच्या आधारे सुचवण्याचे बैठकीत ठरले आहे. गावांची लोकसंख्या आणि अंतरे नोंदवहीत असतातच. मग नकाशाने वेगळे काय कळणार?
– एक गटप्रवर्तक, बीड जिल्हा

उत्तर : मैदानी भागात 5,000 आणि डोंगरी वा आदिवासी भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा निकष आहे. नोंदवहीत हा निकष पूर्ण झालेला दिसतो, पण गावापासून लांब असलेला तांडा किंवा शेतातली वस्ती त्या गावाच्याच आकड्यात मिसळून जाते. भौगोलिक माहिती प्रणालीत, म्हणजे जीआयएसमध्ये, प्रत्येक वस्ती तिच्या प्रत्यक्ष ठिकाणी नोंदवता येते आणि तिच्यावर रस्ते, नदी-ओढे, आरोग्य केंद्रे यांचे थर चढवून पाहता येतात. क्यूजीआयएस हे त्यासाठीचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे.

मात्र केंद्राभोवती पाच किलोमीटरचे वर्तुळ काढून आतली सगळी गावे ‘सोयीची’ ठरवली जात असतील, तर तेथे आपण जरूर हरकत घ्यावी. सिंदफणा नदीच्या पलीकडची वस्ती त्या वर्तुळात बसते खरी, पण पूल दूर असेल तर कळा सुरू झालेल्या बाईला वळसा घालूनच यावे लागते, आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की तोही रस्ता बंद होतो. म्हणून अंतर रस्त्याने आणि वेळेत मोजावे, तेही उन्हाळ्याचे वेगळे व पावसाळ्याचे वेगळे.

बीडपुरती आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मधल्या काळात गरोदर माता आणि लसीकरणाची बालके कारखान्याच्या परिसरातील कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या तात्पुरत्या झोपड्यांत, असतात. एकाच महिन्याच्या गणतीवर केलेला नकाशा त्यांना एकतर इथे धरतो, नाहीतर कुठेच धरत नाही. तेव्हा वस्तीनिहाय स्थलांतराचे महिने त्यात नोंदवून घ्यावेत.

ही माहिती उपग्रहाच्या चित्रात मिळत नाही, ती आशाताईंकडे असते. त्यांनी मोजमाप न करता, अंदाजाने हाताने काढलेले नजरी नकाशे पुढच्या बैठकीला घेऊन जा आणि प्रत्येक वस्तीचे ठिकाण मोबाइलच्या जीपीएसने नोंदवून द्या. क्षयरुग्णांची घरे मात्र सर्वांना दिसणाऱ्या नकाशावर कधीही दाखवू नयेत; तेथे वस्तीनिहाय संख्या पुरेशी आहे.