उष्ण भागातील वाईनची द्राक्षे : साखरेआधी सामू तपासा

प्रश्न : आमच्याकडे कडक थंडी पडत नाही. वाईनच्या द्राक्षांची साखर २४ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या गोडीचे माप) चढते, तरी वाईन सपक लागते आणि लवकर बिघडते. तोडणीआधी पोटॅशचा आणखी एक डोस द्यावा का?

उत्तर : नको. तुमच्याकडे साखर पुरेशी आहे, कमी पडतेय ते आम्ल. रात्री गरम राहिल्या की मणी आपल्यातले मॅलिक आम्ल श्वसनात खर्च करून टाकतो. उरते टार्टारिक आम्ल. पोटॅश जास्त झाले की ते या टार्टारिकशी बांधले जाते आणि रसाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप; आम्ल घटले की तो चढतो) वाढतो. सामू ३.८ च्या पुढे गेला की वाईन टिकवण्यासाठी घालतात ते सल्फाइट नेहमीच्या मात्रेत पुरेसे काम करत नाही, जिवाणू माजतात. खाण्याच्या द्राक्षाला गोडीसाठी पोटॅश देण्याची सवय इथे अंगाशी येते.

खरा उपाय छाटणीच्या तारखेत आहे. थंड प्रदेशात वेल हिवाळ्यात झोपते; आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून फळ कधी पिकवायचे हे आपल्या हातात असते. ब्राझीलच्या साओ फ्रान्सिस्को खोऱ्यात, विषुववृत्तापासून जेमतेम ९ अंशांवर, पाणी आणि छाटणीच्या जोरावर वर्षात दोन पिके निघतात. तो मोह तुम्ही सध्या टाळा. एक खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, दुसरी फळासाठी. आणि फळछाटणी अशी धरा की घड वर्षातल्या सर्वांत कोरड्या, थंड आठवड्यांत पिकेल.

काडीवरचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावत असाल, तर कळकळीने सांगतो : हातमोजे घाला आणि काम करणाऱ्याने आधी व नंतरही मद्याला शिवू नये. जिवावर बेतते.

मण्यात पाणी उतरल्यापासून, म्हणजे मणी मऊ पडू लागल्यापासून, ब्रिक्ससोबत सामूही मोजत राहा. पांढऱ्या वाईनसाठी ३.२ ते ३.४, लालसाठी ३.४ ते ३.६ असताना तोडणी साधली तर उत्तम. तोडणी पहाटेच करा, माल उन्हात ठेवू नका. सामू चढलाच, तर आंबवण्याआधी टार्टारिक आम्ल घालता येते. लिटरला १ ग्रॅमने सामू साधारण ०.१ ने उतरतो. पांढरा रस १२ ते १८ अंश सेल्सिअसवर आंबवा. लाल रस ३० च्या वर जाऊ देऊ नका, फार तापला की यीस्ट मरते आणि साखर अर्धवट राहते.

पोटॅशचे पुढच्या हंगामात देठ परीक्षण (पानाच्या देठातील अन्नद्रव्यांची तपासणी) करून ठरवू.