केळीच्या पॅकहाऊसमध्ये टाकी आणि टेबल किती उंच ठेवावं?

दादा, तुम्ही लिहिलंय की रावेर तालुक्यात केळीचं पॅकहाऊस, म्हणजे केळी धुऊन बॉक्समध्ये भरायची शेड, बांधताय, शेजारच्या पॅकहाऊसमधल्या बाया कंबरदुखीनं मध्येच काम सोडून जातात, आणि बॉक्स तर १३ किलोचाच असतो, मग दुखतं कशानं? मी जळगावला फॅब्रिकेशन करतो, पॅकहाऊसचे स्टँड आणि रोलर बनवतो. बॉक्सचंच आधी सांगतो, कारण मालकांचा हिशेब तिथंच चुकतो.

नुसतं वजन पाहून भागत नाही. ते किती खालून उचललं, अंगापासून किती लांब धरलं आणि दिवसभरात किती वेळा उचललं, यावर कंबरेचा ताण ठरतो. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेचं १९९१ चं सूत्र आहे: सगळं सोयीचं असेल तर मर्यादा २३ किलो, आणि गैरसोय वाढेल तशी ती कमी होत जाते. बॉक्स ४० सेंटिमीटर रुंद धरा. जमिनीवरून उचलायचा तर मर्यादा १० किलोच्या आसपास येते. ७५ सेंटिमीटर उंचीवरून उचलायचा तर साधारण १४ किलो. पण दिवसभर मिनिटाला एक बॉक्स उचलायचा असेल, तर त्यातूनही पाव भाग वजा होतो. म्हणजे तुमचा १३ किलोचा बॉक्स टेबलावरूनसुद्धा जडच आहे. त्यात कंबरेतून वळून मागच्या थप्पीवर ठेवायचा असेल तर आणखी वाईट.

म्हणून बॉक्स उचलायचाच नाही, सरकवायचा. पॅकिंगचं टेबल, वजनकाटा आणि रोलर एकाच पातळीत घ्या. काटा टेबलावर ठेवू नका, टेबलात खाच करून बसवा. एवढ्यानं प्रत्येक बॉक्समागची दोनदा उचल वाचते. थप्पी लावायचं काम उरतंच. तिथं पॅलेट, म्हणजे थप्पीखालची फळी, उंच स्टँडवर ठेवा, थप्पी खांद्याच्या वर जाऊ देऊ नका, आणि हे काम दिवसभर एकाच माणसाकडे नको.

आता उंची. उभ्यानं करायच्या हलक्या कामाला टेबल कोपरापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली हवं. जोर लावायचा असेल तर आणखी खाली. बाहेरच्या नकाशातलं ९० सेंटिमीटर डोळे झाकून घेऊ नका, आपल्याकडच्या बऱ्याच बायांना ते उंच पडतं. तुमच्याकडे येणाऱ्या बायांना उभं करून कोपरापर्यंतची उंची टेपनं मोजा. टेबल उंच बाईच्या मापानं करा आणि बाकीच्यांना पायाखाली रुंद, न घसरणारा पाट द्या. बुटक्या बाईच्या मापाचं केलं तर उंच बाई दिवसभर वाकलेली राहते, तिला उपायच नाही.

केळी धुवायच्या टाकीची उंची मोजायची ती पाण्याच्या पातळीपर्यंत, काठापर्यंत नव्हे. पाणी खोल गेलं की फणी काढायला बाई काठावर पोट टेकवून वाकते. टाकी रुंद असेल तर दोन्ही बाजूंनी काम करता येईल अशी जागा सोडा. हात लांबवून रोज घ्यायची वस्तू ४०-४५ सेंटिमीटरच्या आतच हवी.

फण्या कापायच्या सुरीला धार हवी, आणि मूठ चिकानं निसटणार नाही अशी. बोथट सुरीनं मनगट वाकडं करून जोर लावावा लागतो. फरशीला नालीकडे उतार द्या, गमबूट द्या. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा पत्र्याखाली वारा खेळायला जागा ठेवा, प्यायचं पाणी हाताशी ठेवा आणि दर तासाला पाच-दहा मिनिटं बसू द्या. बाकांचा खर्च काहीच नाही, तरी बहुतेक ठिकाणी तेच नसतात.

एक कराच. टाकीचं पक्कं बांधकाम करण्याआधी विटा आणि प्लायवूड रचून त्या उंचीचं टेबल मांडा, तीन-चार बायांना अर्धा दिवस खऱ्या केळीवर काम करू द्या, आणि त्या म्हणतील तसं दोन विटा वर-खाली करा.