लॅब्रॅडॉरच्या पिल्लासाठी सर्वांत चांगले ड्राय फूड कोणते?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा : घरात आठ महिन्यांचा लॅब्रॅडॉर आहे, ब्रीडरने एक कंपनी सुचवली, डॉक्टरांनी दुसरी, सोसायटीतले जाणकार ‘ग्रेन-फ्रीच (धान्य नसलेलेच) द्या’ म्हणतात, घर शाकाहारी असल्यामुळे मांस शिजवता येत नाही, आणि यातून सर्वोत्तम ड्राय फूड कोणते ते आपल्याला ठरवायचे आहे. उत्तर देण्याआधी माझा स्वार्थ उघड करतो. दादरला माझे पाळीव प्राण्यांच्या खाद्याचे दुकान आहे आणि प्रत्येक कंपनी दुकानदाराला सारखाच नफा देत नाही. त्यामुळे मी एखाद्या ब्रँडची शिफारस केली, तर ती कुत्र्यासाठी केली की गल्ल्यासाठी, अशी शंका आपण घ्यावी हे बरोबरच आहे. म्हणून ब्रँडचे नाव सुचवण्याऐवजी पिशवीची मागची बाजू कशी वाचावी ते लिहितो, कारण पुढच्या बाजूवर जे असते त्यातले बहुतेक सजावटीसाठी असते.

मागच्या बाजूवर सर्वप्रथम शोधायचे ते हे खाद्य ‘संपूर्ण आणि संतुलित’ आहे की नाही, आणि असल्यास कोणत्या वयाच्या कुत्र्यासाठी, हे सांगणारे वाक्य. हे वाक्य इंग्रजीत, बारीक टायपात असते आणि त्यात बहुधा ‘आफको’ (AAFCO) या अमेरिकेतल्या किंवा ‘फेडिआफ’ (FEDIAF) या युरोपातल्या, अशा खाद्यांचे निकष ठरवणाऱ्या संघटनेचा उल्लेख असतो. आफकोच्या निकषानुसार प्रौढ कुत्र्याच्या खाद्यात, पाणी वगळून उरलेल्या वजनाच्या किमान 18 टक्के प्रथिने असावी लागतात, आणि वाढत्या पिल्लाच्या खाद्यात 22.5 टक्के. आपल्या पिल्लाच्या बाबतीत मात्र प्रथिनांपेक्षा कॅल्शियमचा आकडा महत्त्वाचा आहे. मोठ्या जातींच्या पिल्लांना जादा कॅल्शियम शोषून घेणे नीट आवरता येत नाही, त्यामुळे ते जास्त गेले तर हाडांची वाढ बिघडते. म्हणूनच मोठ्या जातींच्या वाढत्या पिल्लांसाठी कॅल्शियमची कमाल मर्यादा 1.8 टक्के अशी वेगळी, इतरांपेक्षा कडक ठरवलेली आहे. तेव्हा ‘लार्ज ब्रीड पपी’ असे लिहिलेलेच खाद्य घ्यावे आणि ते साधारण सव्वा वर्षापर्यंत चालू ठेवावे. नेमके केव्हा बदलायचे ते डॉक्टर वजन आणि वाढ पाहून सांगतील.

याच संदर्भात एक विनंती. आपल्याकडे पिल्लू आणले की ड्राय फूडबरोबर कॅल्शियमच्या सिरपची बाटली आलीच, हा जणू नियम झाला आहे, आणि ती बाटली माझ्याही दुकानात विकली जाते. संतुलित खाद्य खाणाऱ्या लॅबला तिची गरज नाही. डॉक्टरांनी तपासून काही विशिष्ट कारणासाठी लिहून दिली असेल तर गोष्ट वेगळी. पण ‘हाडे मजबूत होतील’ म्हणून आपल्या मनाने चमचा-चमचा देणे हे पिल्लाला सरळ अपायकारक आहे.

आता घटकांची यादी. त्यात घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, आणि हे वजन प्रक्रिया होण्यापूर्वीचे असते. ताज्या चिकनमध्ये सुमारे 70 टक्के पाणी असते, त्यामुळे ‘चिकन’ यादीत पहिले दिसले तरी वाळल्यावर त्याचा वाटा बराच कमी उरतो. उलट ‘चिकन मील’ आधीच वाळवलेले असल्यामुळे तिसऱ्या क्रमांकावर असूनही प्रत्यक्षात जास्त प्रथिने देत असू शकते. दुसरी चलाखी अशी की मका, मक्याचे ग्लुटेन, मक्याचे पीठ असे एकाच धान्याचे तीन तुकडे वेगवेगळे लिहिले की प्रत्येक तुकडा यादीत खाली सरकतो आणि मांस आपोआप वर दिसते. म्हणून मी गिऱ्हाईकांना सांगतो की यादी वाचावी जरूर, पण तिच्यावरून निकाल लावू नये. प्राण्यांच्या आहारशास्त्रात शिकलेला माणूस कंपनीकडे आहे का, खाद्य कुठल्या कारखान्यात बनते, शंभर ग्रॅममध्ये किती किलोकॅलरी आहेत, हे कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर विचारावे. पशुवैद्यकांची जागतिक संघटना डब्ल्यूएसएव्हीए हिचाही सल्ला साधारण याच धर्तीचा आहे. ज्या कंपनीला यातले काहीच सांगता येत नाही, तिच्या पिशवीवर लांडग्याचे कितीही सुरेख चित्र असले तरी ती बाजूला ठेवावी.

जाता जाता : गिऱ्हाईक पेडिग्री ‘स्वस्तातली’ आणि रॉयल कॅनिन ‘परदेशी, भारी’ म्हणून तावातावाने तुलना करतात, तेव्हा त्या दोन्ही आज मार्स या एकाच कंपनीच्या मालकीच्या आहेत हे सांगितले की क्षणभर शांतता पसरते. याचा अर्थ दोन्हींतला माल सारखा असा नव्हे. पण वाद नावांचा घालण्यापेक्षा त्या-त्या पिशवीचा घालावा.

ग्रेन-फ्रीबद्दल सोसायटीतले जे सांगत आहेत त्याला माझा विरोध आहे. ‘कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला धान्य पचत नाही’ हे गृहीतकच चुकीचे आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात असे दिसले की स्टार्च पचवणाऱ्या अमायलेज विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षे वाढलेला हा प्राणी आहे, आणि आपल्या गावाकडची कुत्री भाकरीवरच जगत आली. शिवाय ग्रेन-फ्री म्हणजे स्टार्च नाही असेही नाही, तांदूळ-मक्याच्या जागी वाटाणा, मसूर किंवा बटाटा येतो इतकेच. जुलै 2018 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, असे कडधान्यप्रधान खाद्य खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याच्या विकाराच्या तक्रारी येत असल्याची सूचना काढली. कार्यकारणभाव अद्याप सिद्ध झालेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण ज्याचा फायदा दाखवता येत नाही आणि ज्याच्याबद्दल प्रश्न उभा आहे, त्यासाठी जादा पैसे का मोजावेत, हे मला तरी समजत नाही.

अंग खाजवते म्हणून ग्रेन-फ्री मागायला येणारेही पुष्कळ असतात. कुत्र्यांना खाद्याची ॲलर्जी होते, परंतु ती बहुधा बीफ, दूध, चिकन यांतल्या प्रथिनांची असते, गहू हा त्यांच्या जोडीला; आणि मुंबईच्या पावसाळ्यात खाजेमागे गोचिड्या, पिसवा किंवा बुरशी निघण्याची शक्यता त्याहून अधिक. आधी कातडी तपासून घ्यावी, खाद्य नंतर बदलावे.

शाकाहारी घराचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. कुत्रा हा मांजरासारखा केवळ मांसावर जगणारा प्राणी नाही आणि बाजारात हिरव्या ठिपक्याचे शाकाहारी ड्राय फूडही मिळते. तरीही वाढत्या पिल्लाला मी ते आपणहून देणार नाही, कारण मोठ्या जातीच्या पिल्लाच्या गरजा काटेकोर असतात आणि तेवढ्या काटेकोरपणे बनवलेले शाकाहारी खाद्य सहज हाती लागत नाही. मुलुंड, घाटकोपरची कितीतरी शाकाहारी कुटुंबे चिकनचे दाणे निर्वेधपणे वापरतात. घरात काही शिजत नाही, दाण्यासाठी वेगळा डबा आणि वेगळे भांडे असते, आणि आजी-आजोबांची त्याला हरकत नसते. मात्र पनीर, दूध-पोळी, वरण-भात यांवर पिल्लू वाढवणे हा पर्याय नव्हे. पोट भरते, खनिजांचा हिशेब मात्र पार चुकतो.

खाद्य किती द्यावे, याकडे लोक फारच कमी लक्ष देतात आणि माझ्या मते ब्रँडपेक्षा हेच जास्त महत्त्वाचे आहे. कुत्र्याच्या किलोतील वजनाचा घन करावा, त्याचे दोनदा वर्गमूळ काढावे आणि 70 ने गुणावे. ही विश्रांतीतली ऊर्जेची गरज झाली. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला साधारण 1.6 ने गुणतात. आपला लॅब उद्या 28 किलोचा झाला, तर हिशेब सुमारे 1360 किलोकॅलरींवर येतो. शंभर ग्रॅममध्ये 350 किलोकॅलरी असलेले खाद्य असेल तर हे रोजचे 390 ग्रॅम झाले, 400 किलोकॅलरीचे असेल तर 340 ग्रॅम. आणि तूप लावलेली एक पोळी त्यात गुपचूप शंभरेक किलोकॅलरींची भर घालते. वाढत्या पिल्लाची गरज वेगळी असल्यामुळे सध्या पिशवीवरचा वयानुसार दिलेला तक्ता धरून चालावे आणि दर पंधरवड्याला हात फिरवून पाहावे : बरगड्या दिसू नयेत, पण न दाबता बोटांना लागाव्यात. दाणे किचनच्या काट्यावर मोजावेत, वाटीने नव्हे. ‘एक वाटी’ म्हणजे घरातल्या तीन माणसांच्या तीन वाट्या असतात.

लॅबच्या बाबतीत हे विशेष जपावे लागते. त्यांच्यातल्या अनेकांत पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक भाग गळालेला असतो आणि त्यामुळे त्यांची भूक भागत नाही, असे केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले. म्हणजे ताटाशी येऊन केविलवाणे पाहणारा आपला कुत्रा नाटक करत नाही, त्याला खरोखरच भूक लागते. तरीही देऊ नये. प्युरिना कंपनीने 48 लॅब्रॅडॉरवर जन्मभर चालवलेला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकाच वेतातल्या दोन पिल्लांची जोडी करून एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाद्य दिले गेले. कमी खाणारे सरासरीने जवळजवळ दोन वर्षे अधिक जगले, आणि त्यांच्यात सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. खाद्य दोघांचेही तेच होते.

किमतीची तुलनाही याच आकड्यावर करावी. 400 रुपये किलोचे, शंभर ग्रॅमला 320 किलोकॅलरीचे खाद्य आणि 500 रुपये किलोचे, 400 किलोकॅलरीचे खाद्य, दोन्ही हजार किलोकॅलरीमागे 125 रुपयांनाच पडतात.

आता मुंबईपुरता मुद्दा, आणि तो दुकानदार म्हणून मी रोज पाहतो. दाणे यंत्रातून बाहेर पडून वाळल्यावर त्यांच्यावर चरबीचा फवारा मारतात. कुत्र्याला वास आणि चव त्यामुळेच येते, आणि हवा लागली की आधी खराब होते ती ही चरबीच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथल्या हवेत जी ओल असते तिच्यात उघडी पिशवी फार दिवस टिकत नाही. ताजा दाणा बोटांत दाबला की कट्कन फुटतो आणि त्याला भाजलेल्या पिठाचा, जरासा मांसाचा वास येतो. बिघडलेला दाणा मऊ, किंचित चिकट लागतो आणि खवट खोबऱ्यासारखा वास मारतो. बुरशी डोळ्यांना दिसेलच असे नाही, आणि तिच्यातले अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावर जाते, म्हणून शंका आलेली पिशवी जिवावर उदार होऊन संपवू नये. वीस किलोचे पोते किलोमागे स्वस्त पडते खरे, पण एकच कुत्रा असेल तर महिन्याभरात संपेल एवढीच पिशवी घ्यावी. ती आहे तशीच, तोंड घट्ट मिटून, झाकणाच्या डब्यात उभी ठेवावी. दाणे डब्यात ओतू नयेत, कारण पिशवीला आतून जो थर असतो तो हवा-ओल अडवण्यासाठीच असतो, आणि डब्याच्या तळाशी राहिलेला जुना तेलकट चुरा नव्या मालालाही बिघडवतो. शिवाय पिशवी असली की बॅच क्रमांक हाताशी राहतो. फ्रिजमध्ये ठेवू नये, बाहेर काढताच दाण्यांवर पाणी धरते. आणि पारदर्शक पिशव्यांत सुटे दाणे मिळतात ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नयेत. त्यांच्या तारखेचा आणि ओळखीचा काही पुरावा नसतो.

तेव्हा आपल्यापुरते ठरवायचे तर, डॉक्टरांनी सांगितलेली कंपनी आणि ब्रीडरने सांगितलेली कंपनी या दोघांच्याही ‘लार्ज ब्रीड पपी’च्या पिशव्या दुकानात शेजारी ठेवून वरील गोष्टी पाहाव्यात. दोन्ही त्यात बसत असतील, तर आपल्या जवळच्या दुकानात जिचा खप जास्त आहे ती घ्यावी, कारण तिचा माल ताजा असतो, आणि लहान पिशवी आणून सुरुवात करावी. बदल आठ-दहा दिवसांत करावा : आधी पाव भाग नवे, दोन-तीन दिवसांनी निम्मे, मग पाऊण, मग पूर्ण. शी पातळ झाली तर एक पायरी मागे येऊन थांबावे. रक्त दिसले, उलट्या झाल्या किंवा पिल्लू मलूल झाले तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. हा बदल दिवाळीच्या आठवड्यात करू नये, कारण फटाक्यांच्या भीतीनेही कुत्र्यांना जुलाब होतात आणि मग दोष नव्या खाद्याचा की फटाक्यांचा, हे कळायला मार्ग राहत नाही.