ओले की सुके, आणि किती?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

सासवडहून आलेले तुझे पत्र मी दोनदा वाचले. ताज्या अंजिरांच्या खोक्यावर छापण्यासाठी भावाने दिलेल्या मजकुरात शंभर ग्रॅमला 9.8 ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि 162 मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. तुझ्या पोषणमूल्यांच्या कोष्टकात मात्र 2.9 आणि 35 एवढेच. खरे कोणते, असे तू विचारतेस. दोन्ही खरे आहेत. पहिले आकडे सुक्या अंजिराचे, दुसरे ओल्याचे. ओल्या अंजिरात जवळजवळ ऐंशी टक्के पाणी असते. ते उडाले की बाकीचे सारे दाटते, आणि साखरही 16 ग्रॅमवरून 48 ग्रॅमच्या आसपास जाते. हा शेवटचा आकडा भावाच्या मजकुरात नाही. म्हणून अंजिराचा कोणताही गुण सांगण्याआधी विचारायचे: ओले की सुके, आणि किती?

'रक्त वाढवते' ही ओळ तर काढूनच टाक. तीन सुके अंजीर म्हणजे साधारण 25 ग्रॅम. त्यांत लोह सुमारे अर्धा मिलिग्रॅम, आणि प्रौढ स्त्रीची रोजची शिफारस 29 मिलिग्रॅम. एवढा हिशेब तुला येतो, तरी भावाचे मन मोडेल म्हणून तू अडखळतेस, याचा मला राग येतो.

राग येतो कारण मीही एकदा हा प्रश्न विचारला नव्हता. आहाराचा सल्ला देण्याच्या कामात नवी असताना बद्धकोष्ठतेने त्रासलेल्या एका मधुमेही आजोबांना मी 'भिजवलेले अंजीर खा' असे सांगितले, किती ते सांगितले नाही. ते रोज सकाळी आठ सुके अंजीर खात, वरचे गोड पाणीही पीत, आणि ते औषध समजून जेवणाच्या हिशेबात धरत नसत. भिजवल्याने साखर नाहीशी होत नाही. तीन महिन्यांनी त्यांची रक्तशर्करा चढलेली पाहून मी गोळ्यांना दोष दिला. अंजिरांची संख्या त्यांच्या सुनेने सांगितली. पोट साफ होऊ लागले होते, म्हणजे माझा सल्ला अगदीच चुकीचा नव्हता, आणि तेव्हा एका रुग्णाला पाचच मिनिटे मिळत, हे मी आजही म्हणते. पण 'किती?' विचारायला पाच मिनिटे लागत नाहीत. मूत्रपिंडाच्या रुग्णाला पोटॅशियमचे पथ्य असेल, तर तिथेही हाच प्रश्न आधी येतो.

तुमच्या फळाला उसन्या आकड्यांची गरज नाही. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि शंभर ग्रॅम ओल्या फळात सुमारे 74 कॅलरी आहेत. जेवणानंतर मिठाईऐवजी सालीसकट दोन पिकलेली अंजिरे खावीत, हे मी कोणालाही निःशंक सांगेन. मधुमेह्याने मात्र ती साखरेच्या हिशेबात धरावीत.

उद्या बागेतली दहा फळे तोलून सरासरी वजन काढ, एका फळामागचे आकडे मांड, वर 'ताजे फळ' असे स्पष्ट लिही, आणि खोकी छापायला जाण्यापूर्वी तो मजकूर मला पाठव.

तुझी,
बाई