म्युझियम आवडलं म्हणून लगेच सायन्स सोडायचं का?

प्रश्न थोडक्यात: मुलगी अकरावी सायन्सला. स्थानिक इतिहासाच्या म्युझियमला कॉलेजची ट्रिप गेली होती, तिथल्या अभिलेखागारात जुनी पत्रं, हिशोबाच्या वह्या बघितल्या आणि तेव्हापासून "मी इतिहास घेते" म्हणून हट्ट धरून बसलीय. हे चार दिवसांचं खूळ आहे का, असं तिच्या आईने विचारलंय.

ताई, खूळ आहे की नाही हे मी इथे बसून नाही सांगू शकत, आणि एका ट्रिपवरून तिलाही नाही कळायचं. ट्रिपला दाखवतात ते निवडून काढलेलं असतं हो. संग्रहातलं बहुतेक सामान मागे कपाटांत असतं आणि नोकरी त्या मागच्या बाजूची आहे, म्हणजे खोक्यांवर नंबर घाला, खोलीतला दमटपणा तपासा, ढीगभर फोटोंची एकेक करून माहिती लिहा, असं.

म्हणून तिला परत पाठवा, पण एकटीला आणि एक प्रश्न घेऊन. प्रश्न छोटा हवा, उदा. अमुक पूल कुठे बांधायचा यावरून कोण कोण भांडलं होतं. आधी वेळ घ्यायची कारण रीडिंग रूम सगळीकडे रोज उघडी नसते, मग कॅटलॉग बघून हव्या त्या खोक्याचा नंबर द्यायचा. बॅग बाहेर, पेन बाहेर, आत फक्त पेन्सिल. हात धुवून कोरडे करायचे, ते सिनेमातले पांढरे हातमोजे कागदाला सहसा नकोच असतात, बोटांना पान नीट जाणवत नाही आणि कडा फाटते (फोटो आणि निगेटिव्हना मात्र लागतात). आणि फाइलमधला क्रम अजिबात हलवायचा नाही, तारखा उलटसुलट दिसल्या तरी, कारण कोणत्या तक्रारीमागे कोणती पावती लावलीय यावरून ते ऑफिस कसं चालायचं ते कळतं. १८९८ मधे तीन डच अर्काइव्हिस्टनी (म्हणजे अभिलेखागार सांभाळणाऱ्यांनी) हे नियमावलीत मांडलं, ते आजही चालतं.

दुपारभर बसून काही हाती लागलं नाही आणि तरी पुढचं खोकं मागावंसं वाटलं, तर मग विषय सिरीयसली घ्या.

पण सायन्स आत्ता सोडू देऊ नका, हे माझं स्पष्ट मत. जुन्या कागदांवरची ती तपकिरी पडलेली शाई बरेचदा आयर्न गॉल असते, झाडावरच्या गाठींमधलं टॅनिन आणि लोहाचं सल्फेट. त्यातलं आम्ल आणि लोह मिळून कागद खातात, कधी कधी तर अक्षराच्या जागी नुसतं भोक उरतं. ते थांबवणाऱ्या कॉन्झर्व्हेटरला केमिस्ट्री लागते. स्कॅनिंग, डेटाबेस ही कामंही आता याच खात्यात आलीत. बारावी सायन्स करून इतिहासाकडे वळता येतं, उलटं जमवणं फार अवघड.

पैशाचं म्हणाल तर गोड गोड बोलणार नाही, कायम जागा कमी आणि सुरुवातीची कामं बरीचशी कॉन्ट्रॅक्टवर. घरी तिच्यासमोर हे आत्ताच बोला.

सुट्टीत तिथे व्हॉलंटिअर म्हणून घेतात का तेही विचारा, वयाची अट असू शकते. आणि तो मेल तुम्ही लिहू नका, तिलाच लिहू दे.