पाकीट नको, पेढे ने

सोनू,

तू विचारलंस ना, की जूनमध्ये सगळ्या मित्रमैत्रिणींच्या ग्रॅज्युएशन ओपन हाउसला, म्हणजे हायस्कूल संपल्याच्या पार्टीला जायचंय, तू स्वतःही ग्रॅज्युएट होतेयस, तर प्रत्येकाला आपल्यासारखं ५१ डॉलरचं पाकीट द्यायचं का, आणि तो वरचा एक कशाला?

नाही द्यायचं. इथे मिनेसोटात कार्डच्या बॉक्समध्ये पैसे टाकतात ते नातेवाईक, शेजारी, आईबाबांचे मित्र. बरोबरीची मुलं एकमेकांना सहसा काही देत नाहीत, कार्ड दिलं तरी पुष्कळ झालं. नाहीतर काय होईल, तू एखाद्या मैत्रिणीला वीस देणार, ती तुला वीस देणार, आणि ज्याच्या घरी पैशांची ओढाताण आहे तो बिचारा पार्टीलाच यायचं टाळणार. ते मला अजिबात नकोय.

वरचा एक असतो तो शेवट शून्यावर होऊ नये, देणंघेणं पुढे चालू राहावं म्हणून, भारतात तर पाकिटावरच रुपयाचं नाणं चिकटवलेलं मिळतं. पण ते लग्नामुंजीतलं, घराने घराला द्यायचं. बऱ्याच घरांत आहेराची वही असते, कोणी किती दिले ते लिहायचं आणि त्यांच्याकडच्या कार्यात तेवढे किंवा थोडे जास्तच द्यायचे. कितीतरी पत्रिकांवर आता "कृपया आहेर आणू नये" छापतात ते बरंच आहे. मैत्रीत असली वही नको गं.

आणि दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे जो पास होतो तोच पेढे वाटतो! आधी देवापुढे ठेवायचे, मग आजीआजोबांच्या पाया पडायचं (ते हातात पैसे ठेवतात, ते मात्र घ्यायचे), मग शेजारीपाजारी, शिक्षक, मित्र, सगळ्यांचं तोंड गोड करायचं. तूही पास झालीयस, मग पेढेच ने ना. फक्त त्यावर पिस्ता असतो, तर नट्सची किंवा दुधाची अ‍ॅलर्जी कोणाला आहे का ते आधी विचार. सोबत हाताने लिहिलेलं कार्ड दे, त्यात नुसतं काँग्रॅट्स नको, हायस्कूलच्या चार वर्षांत त्या मित्राने किंवा मैत्रिणीने तुझ्यासाठी काय केलं ते नीट लिही, वेळ लागला तरी चालेल.

तरी कोणी गिफ्ट दिलंच तर आनंदाने घे, लगेच थँक-यू कार्ड पाठव, पण परतफेड करायला धावू नकोस.

किती बॉक्स लागतील ते शुक्रवारपर्यंत सांग, इंडियन स्टोअरमध्ये आधी ऑर्डर द्यावी लागते.

आई