प्लॉट पाडण्याआधी शेतात चाचणी चर खणून बघावेत का?

वडोदरा जिल्ह्यातल्या पादरा गावाजवळच्या वडिलोपार्जित शेतात प्लॉट पाडायचेत, कोपऱ्यातल्या टेकाडावर नांगराला खापरं आणि मोठाल्या विटा लागतात, आणि इंग्लंडमधला भाऊ म्हणतो की तिकडे बांधकामाआधी चर खणून बघतात. तसं इथे करावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी इथे वडोदऱ्याच्या सयाजीराव विद्यापीठात पुरातत्त्व शिकले, म्हणून कळकळीने सांगते: त्या टेकाडावर आत्ता जेसीबी घालू नका. जुन्या वस्तीच्या ज्या टेकाडाला आपण पांढर म्हणतो आणि तुमचे गुजराती शेजारी टींबो म्हणतात, तेच हे असण्याची दाट शक्यता आहे. पिढ्यान् पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती थरावर थर साचून ते उंच होतं.

भावाचं बरोबर आहे. इंग्लंडमध्ये १९९० पासून बांधकामाची परवानगी देतानाच जमिनीखालच्या जुन्या अवशेषांचा विचार होतो आणि खर्च बांधणाऱ्यावर पडतो. साधारण दोन ते पाच टक्के जमीन लांबट चरांनी उघडतात. यंत्राच्या बादलीला दात नसतात, कारण दातांनी माती ओरबाडली की खुणा पुसतात. नांगरटीची माती पातळ पातळ काढायची, खाली रंग बदलला की यंत्र थांबवायचं आणि पुढे खुरपी. जुना बुजलेला खड्डा भोवतीच्या मातीत गडद डागासारखा दिसतो, खांबाची जागा काळ्या वर्तुळासारखी. वस्तूपेक्षा ती कोणत्या थरात होती हे मोलाचं. थरातून उपटलेलं खापर मुकं होतं. चर रिकामा निघाला तरी तेही उत्तरच.

आपल्याकडे साध्या शेताला अशी सक्ती नाही. राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते, एवढंच. पण स्वतः चर खणू नका. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. आणि जमिनीतून दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही निघालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं.

वेळेत खणल्याने काय वाचतं, ते उत्तर गुजरातेत शामळाजीजवळच्या देवनी मोरी गावाला दिसलं. मेश्वो धरणाचं पाणी चढण्याआधी, १९६० ते ६३ मध्ये, आमच्या विभागाने तिथला बौद्ध स्तूप खणला. बुद्धाच्या अस्थींसाठीचा, लेख कोरलेला दगडी करंडक मिळाला. तो आज वडोदऱ्यात आहे. स्तूपाची जागा पाण्याखाली गेली. विद्यार्थिनी असताना तो करंडक पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

तुम्ही विटांची लांबी-रुंदी-जाडी मोजा, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, खापरं जागच्या जागी राहू द्या. मग राज्य पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा, प्रत विद्यापीठातल्या आमच्या विभागाला द्या. तोवर आर्किटेक्टला सांगा, लेआउटमध्ये सोडायचा कॉमन प्लॉट त्या टेकाडावरच घ्या आणि तिथे पाण्याची टाकी किंवा बोअर दाखवू नका.